मदत हवी आहे: व्हेनेझुएलाची जोखीम मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. एमबीएच्या प्रकल्पात व्हेनेझुएला माझ्या वाट्याला आलाय. जेनेरिक औषधं निर्यात करायला हा देश कसा, एवढंच सांगायचंय. 'एवढंच' म्हणता म्हणता आठवडा गेला.

जगातला सर्वांत मोठा तेलसाठा, सुमारे ३०० अब्ज बॅरल. कागदावर झकास! पण ओरिनोको पट्ट्यातलं तेल डांबरासारखं घट्ट, पातळ केल्याशिवाय पाइपातून नीट वाहत नाही. निर्यातीची बहुतेक कमाई याच तेलाची, म्हणून २०१४ नंतर भाव कोसळले तेव्हा औषधं आणायलाही डॉलर पुरेनात. महागाईने नोटांवरचे आकडे फुगले, म्हणून सरकारने चलनावरची शून्यं २००८, २०१८ आणि २०२१ मिळून १४ उडवली. दुकानांत डॉलर चालतात, पण नोट जरा फाटकी असली तर दुकानदार घेत नाही म्हणे.

माझं घोडं अडलंय ते वसुलीपाशी. गरज आहे, गिऱ्हाईक आहे, पण पैसे येणार कसे? २०१९ मध्ये सरकारी तेल कंपनीवर अमेरिकेचे निर्बंध आले, मग कधी सैल, कधी घट्ट. बँका हात आखडता घेतात.

तिकडे माल पाठवणारं इथे कुणी आहे का? पैसे आगाऊ घेता, की तिसऱ्या देशातल्या वितरकामार्फत? आणि या जोखमीला गुण किती द्यायचे? सर 'आकडा हवा' म्हणून अडून बसलेत.