धोंड्याचं जेवण, जावई आणि साखर: वाढलेल्या पानावर 'नको' कसं म्हणायचं? (मदत हवी आहे)

बैठा_जावई | ९ जुलै २०२३

मंडळी, प्रश्न वाचून हसाल, पण मी खरंच अडकलोय.

वय ४१, मुक्काम पुणे, काम दिवसभर खुर्चीत बसून. फेब्रुवारीत ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता देत नाही, चार महिने ताट सुधारा आणि चाला. सुधारलं. रात्री एक ज्वारीची भाकरी, उसळ किंवा पालेभाजी, वाटीभर काकडी-टोमॅटो. चहा बिनसाखरेचा (पहिला आठवडा हा चहा म्हणजे शिक्षा होती, आता साखरेचा नकोसा वाटतो). जूनमध्ये ५.९ आली. वजन ८४ वरून ७८.

घरी त्रास नाही. बुफेतही नाही, कारण तिथे डाव माझ्या हातात असतो. घोळ होतो तो पंगतीत. मे महिन्यात कराडला नात्यातल्या वास्तुशांतीला गेलो होतो. ठरवून गेलो होतो, एक जिलेबी, बास. वाढायला यजमानांचे थोरले भाऊ. 'अहो पुण्याचे पाहुणे, लाजता काय!' मी पानावर हात आडवा धरला तर त्यांनी हाताच्या बाजूने दोन जिलेब्या मसालेभातावर सोडल्या. मग त्यांची मिसेस आली, 'ह्यांच्या हातची घेतली, माझ्या हातची नको का?' पानात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. सात खाल्ल्या. दोन तासांनी घरच्या साखर तपासायच्या यंत्रावर १९६. त्या आकड्यापेक्षा मला राग आला तो स्वतःच्या बावळटपणाचा.

आता खरी परीक्षा. १८ तारखेपासून अधिक श्रावण. सासुरवाडी बार्शी. लग्न २०११ चं, त्यामुळे २०१२, २०१५, २०१८ असे तीन अधिक महिने जावई म्हणून यथेच्छ जेवलोय. २०२० च्या अधिक आश्विनात कोरोनामुळे जाणं झालं नाही आणि सासूबाईंच्या मनाला ते लागून राहिलंय. 'मागचं राहिलेलं यंदा भरून काढू' असं त्या बायकोला फोनवर म्हणाल्यात. म्हणजे पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, चांदीच्या ताटात ३३ अनारसे, दिवा, कपडे, सगळं. तारीख २३ जुलै, रविवार. घरातली दहा-बारा माणसं समोर उभी राहून वाढणार आणि जेवणारा मी एकटा.

माझ्या साखरेचं सासरी कुणालाच माहीत नाही. बायको म्हणते सांगून टाका. मला वाटतं सांगितलं तर जेवणाचा विरस होईल, बारा गावांत बातमी जाईल आणि प्रत्येक जण कारल्याचा रस सुचवेल. न सांगता, कुणाचं मन न दुखवता निभावून न्यायची काही युक्ती आहे का?

---

दुपारची_वामकुक्षी

खा हो एक दिवस! तीन वर्षांतून एकदा येतो अधिक महिना. त्यात एवढा हिशेब करणारा जावई मी सासू असते तर मलाही नको झाला असता. दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर चाला आणि विसरा.

---

बैठा_जावई

एकच दिवस असता तर विचारलंच नसतं. अक्षय्य तृतीयेपासून आजपर्यंतचे कार्यक्रम काल मोजले. लग्नं पाच, मुंज एक, वास्तुशांत दोन, डोहाळजेवण एक, साठीशांत एक. प्रत्येक ठिकाणी मला हेच ऐकवलं गेलं, की एकच दिवस तर आहे.

---

ओगराळं

गेली चौदा वर्षं मंगल कार्यालयात वाढपाची देखरेख करतो, तर आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

वाढप्याचं लक्ष तुमच्या तोंडाकडे नसतं, पानातल्या रिकाम्या जागेकडे असतं. गोडाची जागा रिकामी दिसली की तो थांबणारच, त्याला तसंच सांगितलेलं असतं. म्हणून पहिली जिलेबी संपवायची नाही. कडेला राहू द्यायची, शेवटी खायची. भरलेल्या जागेवर कुणी वाढत नाही. तुम्ही काय केलं असणार ते सांगतो: एकच खायचीय म्हणून ती आधी खाऊन मोकळे झालात.

दुसरं, हात आडवा धरायचा तो वाढपी शेजारच्या पानावर असतानाच. परात तुमच्यासमोर आली, चिमटा उचलला की उशीर झाला. आणि हात धरताना मान खाली नको. त्याच्याकडे बघून 'मला कोशिंबीर आणा' म्हणायचं. कोशिंबीर कुणी मागत नाही हो. पाचशे पानांत पाच जण. कुणी मागितली की पोरगं पळत जाऊन आणतं, आणि तेवढ्यात गोडाची परात पुढे गेलेली असते.

तिसरं, पंगतीत शेवटाला बसा. सुरुवातीच्या पानांना भरभरून पडतं, टोकाला येईपर्यंत वाढपी हात आखडतो.

नात्यातलं लग्न असेल तर स्वतःच वाढायला उभे राहा. घाम निघतो, कौतुक होतं, आणि मागून वाढप्यांच्या पंगतीत बसलं की आग्रह करायला कुणी उरलेलं नसतं. धोंड्याच्या जेवणात मात्र यातलं काही चालणार नाही. तिथे एकच पान आणि सगळ्यांचे डोळे त्यावर.

---

उपासाची_मिसळ

दीक्षित डाएट करा. दिवसातून दोनच जेवणं, ५५ मिनिटांच्या आत, आणि मध्ये काही नाही. धोंड्याचं जेवण हे त्यातलं एक धरायचं, प्रश्न मिटला.

---

बैठा_जावई

सासूबाईंच्या घरी ५५ मिनिटांत नुसतं औक्षण आणि फोटो होतात.

(डॉ. दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर हा वाद कृपया इथे नको.)

---

रात्रपाळी

रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते, म्हणून चार गोष्टी.

संध्याकाळी जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहू नका. भुकेल्या पोटी पानावर बसलं की सगळे निश्चय गळतात. निघण्याआधी मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही खाऊन जा. आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांना इन्सुलिन आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे, त्यांनी तर जेवण असं आपल्या मनाने मुळीच टाळू नये. साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, चक्कर. गेल्या वर्षी एक आजोबा नातवाच्या मुंजीत असेच पंगतीपर्यंत उपाशी राहिले आणि मांडवातून थेट आमच्याकडे आले.

पानात सगळं एकदम वाढलेलं असलं तरी खायचा क्रम तुमच्या हातात आहे. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा वरण. भात-पोळी नंतर, गोड अगदी शेवटी. तेवढंच अन्न या क्रमाने खाल्लं तर नंतर साखर कमी उसळते. आपल्याकडे उलटं, पहिला घासच गोडाचा.

गुळाचं आहे, चालतं, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. साखर चढवण्यात गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे. पुरणात डाळीच्या बरोबरीने गूळ असतो. अनारसा म्हणजे तांदूळ, गूळ आणि तूप. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका, पंधरा-वीस मिनिटं चाला. बार्शीत भगवंताचं मंदिर आहे ना, अधिक महिन्यात दर्शनाला जातो म्हटल्यावर जावयाला कोण अडवणार?

---

शेंगाचटणी

माझं माहेर पंढरपूरकडचं, त्यामुळे तुमच्या सासूबाई मला डोळ्यांसमोर दिसतायत.

दादा, तुमचं एक चुकतंय. पानावर बसून नको म्हणणं हे आपल्याकडे नको म्हणणं नसतंच. पहिलं 'नको' रीत म्हणून, दुसरं भिडेपोटी, तिसऱ्याला कुठे समोरचा जरा विचारात पडतो. जावयाचं तर तिसरंही धरत नाहीत. त्यामुळे जे काय सांगायचं ते आजच, फोनवर. किराणा भरायच्या आधी. एकदा का तीन दिवस तांदूळ भिजवून, कुटून, अनारशाचं पीठ तयार झालं की त्या माउलीने एवढं केलेलं असताना तुम्ही नाही म्हणणार, आणि मग मन दुखणारच.

आणि फोन तुम्ही स्वतः करायचा. बायकोने केला तर 'आमची पोरगी जावयाला नीट जेवू घालत नाही' असा अर्थ निघतो. आम्ही हे भोगलंय.

नुसतं 'हे नको, ते नको' असं सांगू नका. त्यांना काहीतरी करायला द्या. म्हणा, आई, तुमच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुण्यात मिळत नाही, ती पाहिजे. कटाची आमटी झणझणीत पाहिजे. मेथीची पेंडपाला भाजी पाहिजे. आग्रह त्या करणारच, तो त्यांचा हक्क आहे. आमटीचा करू दे. धोंडा एक घ्या, मनापासून खा, तो प्रसाद आहे. ३३ अनारसे तर वाणाचे असतात, ते काय जागेवर बसून खायचे नसतात!

---

बैठा_जावई | १३ जुलै

केला फोन. आधी अर्धा तास मोबाईल हातात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या.

सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, 'फेब्रुवारीपासून माहीत होतं आणि आत्ता सांगताय? मी काय परकी आहे?' म्हणजे मला ज्याची भीती होती त्यासाठी त्या रागावल्याच नाहीत, भलत्याच गोष्टीसाठी रागावल्या. मग भाकरीचं म्हणालो. लगेच, 'शाळूची करते, पीठ ताजं दळून आणते.' मग कारल्याचा रस. तो चुकला नाहीच.

शेवटी म्हणाल्या, ते साखर तपासायचं यंत्र घेऊन या, बघू तरी काय असतं ते.

---

दुपारची_वामकुक्षी

मी माझे शब्द अर्धे मागे घेते. उरलेले अर्धे आमटीबरोबर.

---

बैठा_जावई | २४ जुलै

काल झालं जेवण. लांबण लागेल, पण सांगतोच.

पान बघून मीच चकित. डावीकडे लिंबू, शेंगाची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि गाजराची वेगळी. मध्ये कडक भाकरी. पेंडपाला, मटकीची उसळ, कटाची आमटी. कोपऱ्यात एक धोंडा, लिंबाएवढा. सासूबाईंनी मुद्दाम छोटा केला होता. मेहुणा तुपाचं भांडं घेऊन आला तर त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. आमटीचा आग्रह मात्र असा झाला की विचारू नका. चार वाट्या. डोळ्यांतून पाणी. 'जावईबापू, एवढीशी, माझ्यासाठी' हे सगळं तसंच, फक्त हातात पळी आमटीची.

ओगराळं, तुमची युक्ती वापरली. धोंडा कडेला ठेवला आणि अगदी शेवटी खाल्ला. कुणी दुसरा वाढला नाही. अनारसा अर्धा, अर्धा बायकोला.

फजिती वेगळीकडेच झाली. भगवंताच्या दर्शनाला म्हणून निघालो तर वाटेत चुलतसासऱ्यांचं घर. त्यांना फोन करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. श्रीखंडाची वाटी समोर आली, 'तिकडे जेवलात, इकडे नुसतं पाणी पिणार?' अर्धी वाटी गेली पोटात. दोन तासांनी १५४. कराडच्या मानाने सुसह्य.

पण हा धागा वर आणायचं खरं कारण दुसरंच आहे. यंत्र बाहेर काढल्यावर सगळ्यांनाच हौस आली. मेहुणा ११८, सासरे १३९. सासूबाई सगळ्यांत शेवटी बसल्या, बोट पुढे करायला तयार नव्हत्या. २४७. पट्टी बदलून परत, २४१. त्या म्हणाल्या, 'आज गोड खाल्लं ना, म्हणून.' खाल्लं होतं काय, तर सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेला एक धोंडा आणि भात. आजवर त्यांनी साखर कधीच तपासलेली नाही. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं हे सासऱ्यांनी तेव्हा सांगितलं, वयामुळे असेल असं धरून चालले होते.

रात्रपाळी, आता काय करावं?

---

रात्रपाळी

घरच्या यंत्रावर निदान होत नाही, पण हा आकडा सोडून देण्यासारखाही नाही. याच आठवड्यात प्रयोगशाळेत उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि एचबीएवनसी, तिन्ही करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे. डोळ्यांचा पडदा आणि पायांची तपासणीही सुचवतील, घाबरू नका. तोवर कुणाची उरलेली गोळी देऊ नका. आणि अधिक महिन्याचे उपास धरले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

---

शेंगाचटणी

आणि दादा, त्यांना आधी जेवायला बसवा. शेवटी उरलेलं उभ्याने खाणारी बाई भाजी-कोशिंबीर कधी खाते? ती आधीच संपलेली असते. उरतो तो भात.

---

बैठा_जावई | २५ जुलै

बायको बार्शीलाच थांबली आहे. उद्या सकाळी नमुना देणार. सासूबाई म्हणतात, एकादशीनंतर बघू. फोन परत मीच करायचा असं ठरलंय. रिपोर्ट आला की इथे सांगतो.

अनारसे २९ उरलेत. डबा ऑफिसात नेलाय.