जावळाचा फोटो कोणाचा?

मैथिली:
काल येथे एका पालकांनी लिहिले, ‘मूल आमचे, मोबाइल आमचा, मग फोटो टाकायला परवानगी कोणाची?’ ते वाचून राहवले नाही. माझ्या मुलीच्या जावळाचा फोटो मी 2011 साली फेसबुकवर टाकला होता. मामाच्या मांडीवर बसलेली, गोटा केलेल्या डोक्यावर हळदीचे स्वस्तिक, रडून लाल झालेले नाक आणि अंगात फक्त लंगोट. ती नववीत असताना वर्गातल्या मुलांना तो सापडला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा व्हॉट्सॲपवर स्टिकर झाला. ती रडली नाही. ‘तू ठेवायचा होतास ना घरात,’ एवढेच म्हणाली. फोटो काढल्याचा तिला राग नाही, तो चारचौघांत मांडल्याचा आहे.

दत्ताकाका:
मुलांचे कान टोचताना, जावळ काढताना, मुंज लावताना आपण त्यांना विचारतो का? आईवडिलांनी मुलांच्या वतीने ठरवायचे, यालाच संगोपन म्हणतात. माझा लहानपणचा एकच फोटो आहे, सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, आणि त्यातही आईचा फक्त हात दिसतो. माझा नातू न्यू जर्सीत आहे. त्याचे बोरन्हाण मी फोटोतच पाहिले, आणि ते चार नातेवाइकांना दाखवले तर कोणता गुन्हा झाला?

मैथिली:
काका, ट्रंकेतला अल्बम कोणापुढे उघडायचा हे आपण ठरवत होतो. नातेवाइकांना पाठवा, पण जगजाहीर का करायचे? टोचलेला कान तिच्याजवळच राहतो, फोटो मात्र कोणाच्या मोबाइलमध्ये आहे हे आता मलाही सांगता येत नाही.

रेवती (वकील):
कायद्याची मदत फारशी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यायची आहे. मात्र कोणी व्यक्तिगत वा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्यातून वगळला आहे. शिवाय मुलाच्या माहितीचा धनी कोण, या व्याख्येत पालकही येतात, म्हणजे मुलाची तक्रार ज्यांच्याविरुद्ध असेल त्यांच्याच हाती त्याची संमती आहे. फ्रान्सने फेब्रुवारी 2024 च्या कायद्याने मुलाच्या प्रतिमेचा हक्क जपणे हे आईवडिलांचे संयुक्त कर्तव्य ठरवले आणि वय व समज पाहून मुलालाही त्या निर्णयात घ्यायला सांगितले. आपल्याकडे निदान एवढे तरी हवे.

नीलिमा:
पालकांना कशाला धारेवर धरता? शाळांकडे पाहा. आषाढीच्या दिंडीत विठ्ठल-रखुमाई झालेल्या मुलांचे फोटो संध्याकाळपर्यंत शाळेच्या पानावर झळकतात, आणि विचारले तर प्रवेश अर्जावरची सही दाखवतात. माझी बहीण मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर, दुसऱ्या गावी राहत होती. भाचीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, मागे शाळेच्या नावाची पाटी. आठवड्याच्या आत तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

संतोष (शिक्षक):
हे भयंकर आहे, पण सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारू नका. फोटो टाकला नाही तर ‘आमचा मुलगा कुठे दिसत नाही?’ म्हणून रात्री दहाला पालकांचेच फोन येतात. दिंडी सांभाळायची की फोटो काढायचे, असा आमच्यापुढे प्रश्न असतो.

नीलिमा:
फोन येतात म्हणून एका मुलीचा पत्ता जाहीर करायचा? तुमचे उत्तर संतापजनक आहे. पालकांसाठी बंद गट करा, पाटीसमोर मुलांना उभे करू नका. याला किती कष्ट पडतात?

संतोष (शिक्षक):
पाटीचे मान्य, ते आमच्या लक्षात यायला हवे होते. बंद गटातूनही फोटो बाहेर जातातच, आणि ते पाठवणारे पालकच असतात, हे मात्र तुम्हालाही मान्य करावे लागेल.

दत्ताकाका:
परवानगीचे म्हणणे मला अजूनही पटलेले नाही. दोन वर्षांचे पोर परवानगी देऊ शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. तरी नीलिमाताईंचे वाचून नातवाचे आंघोळीचे दोन फोटो काल मी काढून टाकले. बोरन्हाणाचा फोटो राहील. तो मोठा होऊन काढ म्हणाला, तर काढेन.