अनुभव धागा : शापित नायक तुम्हाला कधी भेटला?

छाती पुढे काढून उडत येणारे, सदैव बरोबर असणारे नायक मला कधीच जवळचे वाटले नाहीत. मला भावले ते जळालेले, मरून परत आलेले, सैतानाशी व्यवहार करून फसलेले. अमेरिकन कॉमिक्समधले घोस्ट रायडर, स्पॉन, जॉन कॉन्स्टंटाइन ही त्यातली मंडळी. यातला कुणी तुमच्या आयुष्यात नेमका कधी आला आणि का राहिला, ते लिहा. कथेची परीक्षणं नकोत, स्वतःचं सांगा. सुरुवात मी करते.

मी बारा वर्षांची असताना आजी फार आजारी पडली. घरात मोठ्यांनी आपापले नवस बोलले. मीही दुपारी सगळे झोपल्यावर देवघरासमोर बसून माझा बोलले : माझी दहा वर्षं घे, पण तिला या आजारातून उठव. आजी उठली, घरी आली, चार दिवस माझ्या हातची पेजही प्यायली. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि गेली. पुढे कितीतरी महिने मी माझं तेच एक वाक्य तपासत होते. 'आजारातून उठव' म्हणाले म्हणून असं झालं का? नुसतं 'राहू दे' म्हणायला हवं होतं का? हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

नववीत असताना डोंबिवलीतल्या एका रद्दीच्या दुकानात घोस्ट रायडरचा फाटका अंक मिळाला. जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलवर कसरती करणारा पोरका मुलगा. ज्या क्रॅश सिम्प्सनने त्याला वाढवलं, तो असाध्य आजाराने मरणार असतो. जॉनी सैतानाला बोलावतो, आत्मा देऊ करतो आणि मागतो काय, तर त्याचा आजार जाऊ दे. आजार जातो. आणि क्रॅश मोटारसायकलच्या एका उडीत मरतो. सैतानाने दिलेला शब्द अक्षरशः पाळलेला असतो.

मी ते पान दुकानात उभ्यानेच वाचलं आणि रडले. माझ्या मनात जे सलत होतं ते १९७२ साली अमेरिकेत कुणीतरी लिहून, चितारून ठेवलं होतं. जॉनीची त्या सौद्यातून सुटका होत नाही. रात्र झाली की त्याची कवटी पेटते, आणि तो गाडी काढतो. 'तुझी काही चूक नव्हती' असं तो अंक मला म्हणाला नाही. असं म्हणणारे घरात पुष्कळ होते, त्याने काही झालं नव्हतं. चूक असो नसो, गाडी काढता येते, एवढं मला त्यातून कळलं.

*

नाशिकहून

ताई, तुमचं वाचून धीर झाला म्हणून लिहिते. मी स्पॉन वाचला तो चाळिशीत, पुतण्याच्या कपाटातून.

माझे पहिले यजमान अपघातात गेले. तीन वर्षांनी मी पुन्हा लग्न केलं. माणूस चांगला आहे, मुलगी झाली. लोक बोलायचे ते बोलले.

स्पॉनची गोष्ट ठाऊक असेलच. अल सिमन्स सरकारी मारेकरी असतो, त्याचाच वरिष्ठ त्याला मारवतो. नरकात तो तिथल्या धन्याशी, मालेबोल्जियाशी, करार करतो, बायकोला एकदा पाहू दे म्हणून. परत येतो तेव्हा पाच वर्षं उलटलेली असतात. वांडाने त्याच्याच जिवलग मित्राशी, टेरीशी, लग्न केलेलं असतं आणि त्यांना सायन नावाची छोटी मुलगी असते. अलचा चेहरा जळालेला. रूप बदलून माणसासारखं व्हायला जातो तर गोरा, सोनेरी केसांचा परकाच माणूस होतो. अल काळा आहे हे लक्षात घ्या. त्या परक्या तोंडाने तो तिच्या दारात उभा राहतो आणि ती त्याला ओळखत नाही.

पुतण्याची सगळी पिढी अलसाठी हळहळते. मी वांडाच्या जागी बसून वाचलं. ही बाई चुकली असं कथा कुठे म्हणते का, ते मी पानोपानी शोधत होते. कथा तसं म्हणत नाही. अल चडफडतो, गल्लीत बेघर लोकांमध्ये जाऊन राहतो, पण तिचं घर मोडत नाही. उलट लांबून राखतो. हे गेलेले असे कुठूनतरी बघत असतील तर रागावले नसतील, असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. चित्रातल्या पोशाखाने, साखळदंडांनी माझ्या पुतण्याला वेड लावलं होतं. मला त्या दारातल्या चार चौकटी पुरल्या.

*

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे या सगळ्याला नवीन कुणी म्हणणार नाही. आरवलीचा वेतोबा बघितला असेल तुम्ही. उंच, उभा, उग्र. देवळात त्याला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाच्या वेशीवरून फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी मी त्या चपलांचे तळवे वाकून बघत असे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तोच गावचा राखणदार. आजी म्हणायची, "तो आसा म्हणान आमी निजतव."

मुंबईत होस्टेलला असताना जॉनीनंतरच्या डॅनी केचचा घोस्ट रायडर हाती आला, १९९० साली सुरू झालेल्या मालिकेतला. हा पोरगा ब्रुकलिनच्या स्मशानात बहिणीला जबर जखमी झालेली बघतो, त्याच्या हाताला तिचं रक्त लागतं आणि तिथल्या मोटारसायकलला हात लावताच तो पेटतो. पुढे निष्पापाचं रक्त सांडलं की हा जागा होतो. खोलीतला दिल्लीचा मित्र म्हणाला, हा तर राक्षस आहे, हिरो कसा? मी त्याला चपलांची गोष्ट सांगितली. राखणीला उग्रच लागतो हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. त्या पोराची मोटारसायकल मला वेतोबाच्या चपलेसारखी वाटते, अजूनही.

*

नागपूरहून

थोडकंच. इंद्रजाल कॉमिक्सवर 'वेताळ' हे नाव वाचून मी भुताच्या आशेने अंक उघडला होता. निघाला मुखवटा घातलेला जिवंत माणूस, तोही पिढ्यान् पिढ्यांचा वारसा चालवणारा. आवडला, पण मला खरंच मेलेला हवा होता. तो पुढे हिंदीतून राज कॉमिक्सने दिला. अँथनी, कबरीतून उठून येणारा, कावळा सोबत असलेला. उन्हाळ्यात गच्चीवर कूलरच्या आवाजात ते अंक वाचले. माझा शाळकरी मित्र त्याच वर्षी तलावात बुडाला होता. मेलेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकतो, ही कल्पना तेव्हा मला भीतीची अजिबात वाटली नाही.

*

लीड्सहून

मी डॉक्टर आहे, इंग्लंडमध्ये बरीच वर्षं झाली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णाबाबत माझा अंदाज चुकला. चौकशी झाली, ठपका माझ्या एकट्यावर आला नाही. तरी तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या काळात एका सहकाऱ्याने हेलब्लेझरचे जुने अंक दिले.

जॉन कॉन्स्टंटाइन १९८५ साली 'स्वॅम्प थिंग' या कॉमिकच्या अंकात बाजूचं पात्र म्हणून आला आणि १९८८ पासून हेलब्लेझर ही त्याची स्वतःची मालिका निघाली, ती थेट २०१३ साली तीनशेव्या अंकापर्यंत चालली. लिव्हरपूलचा पोरगा, मळका कोट, ओठांत सिगरेट. त्याच्या अंगात ना पोलादी ताकद ना पंख. थोडी जादू, पुष्कळ थापा. तरुणपणी न्यूकॅसलला मित्रांना घेऊन एका मुलीची, ॲस्ट्राची, सुटका करायला जातो. अर्धवट ज्ञानावर तिथल्या राक्षसाशी लढायला त्याहून मोठ्या राक्षसाला बोलावतो. हा मोठा राक्षस हाताबाहेर जातो आणि ती पोर नरकात ओढली जाते. पुढे हा वेड्यांच्या इस्पितळात. आणि नंतर मेलेल्या मित्रांची भुतं त्याच्या खोलीत येऊन नुसती उभी राहतात. शिव्या नाहीत, सूड नाही.

मी इथे थांबून सांगतो, हे चित्र अगदी खरं आहे. ते असेच उभे राहतात.

लोकांना गार्थ एनिसने १९९१ साली लिहिलेली फुप्फुसाच्या कर्करोगाची कथा आठवते. नरकाच्या तिघा धन्यांपैकी एकाचा कॉन्स्टंटाइनच्या आत्म्यावर आधीच दावा असतो, तोच आत्मा तो उरलेल्या दोघांना गुपचूप वेगवेगळा विकतो. तो मेला तर तिघांत युद्ध पेटणार, म्हणून नाइलाजाने त्यांनाच त्याला बरं करावं लागतं. डाव जबरदस्त आहे. लिहिणारा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, हे मला अजून पटत नाही. पण माझा जीव अडकतो तो डावाच्या आधीच्या पानांत. तो कर्करोगाच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या रुग्णाशेजारी जाऊन बसतो, दोघं बोलतात, सिगरेटीही ओढतात. म्हाताऱ्यासाठी त्याच्याकडे कुठलाच डाव नसतो. तिथे जादू चालत नाही, बसावं लागतं. मी रोज ड्यूटी संपल्यावर दहा मिनिटं एका खाटेशेजारी बसायला लागलो ते तेव्हापासून.

*

पुण्याहून

मी चित्रकलेची विद्यार्थिनी. मला हे नायक आधी डोळ्यांनी आवडले, अर्थ मागाहून आला.

अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली. रक्तपिपासू, मानवलांडगे, चालती प्रेतं, सगळ्यांना बंदी. वाईटाचा शेवटी पराभव झालाच पाहिजे, असंही त्यात होतं. १९७१ साली ती सैल झाली. त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या अंकात रक्त पिणारा मॉर्बियस आला, पुढच्या वर्षी ड्रॅक्युलाची मालिका, वेअरवुल्फ, घोस्ट रायडर, आणि १९७३ साली त्या ड्रॅक्युलाच्याच दहाव्या अंकात रक्तपिपासूंचा शिकारी ब्लेड. सतरा वर्षं कोंडलेली भुतं एकदम बाहेर पडली. आणि बाहेर आली ती सुपरहिरोंच्या गावात! म्हणून मग भुतानेच नायक व्हायचं. ही जात कशी जन्मली हे कळलं तेव्हा मी वर्गात उठून ते सगळ्यांना सांगितलं होतं.

पण चित्रांविषयी बोलू द्या. टॉड मॅकफार्लेनने १९९२ साली स्पॉन काढला तेव्हा त्या लाल झग्याला त्याने कापडाचे नियम लावलेच नाहीत. एका चौकटीत तो गुडघ्यापर्यंत, पुढच्या चौकटीत सगळी गल्ली व्यापणारा, कारण कथेत तो झगा जिवंत आहे. मी तो वर्षभर शाईने काढत होते. माझ्या आईला सोरायसिस आहे, आणि ती बाहेर पडताना नेहमी मोठी ओढणी घेते. घरी ती ओढणी खुंटीवर असते. आईचा मूड कसा आहे ते आम्ही ओढणीकडे बघून ओळखतो. जळालेल्या कातडीचा माणूस आणि त्याच्या मनाप्रमाणे मोठं-लहान होणारं वस्त्र, हे मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेलं नाही. आईला माझं रेखाटन दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, याचा पदर फार छान काढलास.

*

कोल्हापूरहून

इथल्या सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी वकील आहे, फौजदारी बाजू बघतो. कॉलेजात मला या सूड घेणाऱ्या आत्म्यांचं वेड होतं. घोस्ट रायडरची ती नजर, जिच्यात गुन्हेगाराला त्याने दिलेल्या सगळ्या वेदना एका क्षणात भोगाव्या लागतात, ती मला न्यायाची परमावधी वाटायची. न तारखा, न जामीन.

मग १९९२ सालची स्पेक्टरची मालिका वाचली. जॉन ऑस्ट्रँडरने लिहिलेली, टॉम मँड्रेकने चितारलेली. स्पेक्टर तसा जुना, १९४० सालचा. खून झालेला पोलीस जिम कॉरिगन, त्याच्या अंगात देवाचा कोप. या मालिकेत तो व्लाटावा नावाच्या देशात जातो. तिथे दोन जमातींचं पिढ्यान् पिढ्या वैर आहे, प्रत्येकाचे हात रक्ताने भरलेले. स्पेक्टर निवाडा करतो की इथे निर्दोष कुणीच नाही. आणि जवळजवळ सगळा देश मारून टाकतो.

ते वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. कारण त्याचा युक्तिवाद मला पायरी-पायरीने पटत गेला होता, आणि शेवटच्या पायरीवर प्रेतांचा खच होता. त्या आठवड्यात माझ्याकडे खुनाच्या आरोपातल्या एका पोराचं वकीलपत्र आलं होतं आणि मी ते नाकारणार होतो. नाकारलं नाही. हे नायक मला आजही प्रिय आहेत, पण वेंगुर्ल्याच्या मित्रा, राखणदाराला विचारणारं कुणी असावं लागतं. तुमच्या वेतोबासमोर निदान कौल लावता येतो.

*

पनवेलहून

माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. धाकटा भाऊ जन्मापासून व्हीलचेअरवर. आईवडील नाहीत. त्यामुळे रॉबी रेयेस वाचला तेव्हा हा माणूस आपल्या गॅरेजमध्ये बसून लिहिलाय की काय असं झालं. २०१४ सालचा घोस्ट रायडर, पूर्व लॉस एंजेलिसचा. मोटारसायकल नाही, काळी डॉज चार्जर. पोरगा गॅरेजात राबतो, धाकट्या गेबला सांभाळतो, आणि या वस्तीतून भावाला बाहेर काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात. त्याच्या अंगात शिरलेला आत्माही कुणी देवदूत नाही, खुनी माणसाचा आहे. तो सारखा कानात सांगत असतो, मार, तुझ्या आत मीच आहे.

राग काय असतो ते मला माहीत आहे. भावाला शाळेत घ्यायला नकार मिळाला, बसवाल्याने गाडी थांबवली नाही, लग्नात लोकांनी त्याच्या ताटाकडे बघून तोंड फिरवलं. त्या प्रत्येक वेळी कानात कुणीतरी बोलतं. रॉबी ते ऐकतो, आणि तरी घरी येऊन भावाचं जेवण गरम करतो. एका हाताने आग, एका हाताने वाटी. ताई, तुम्ही विचारलंत का राहिला, तर यासाठी.

भावाला इंग्रजी वाचायला जड जातं, म्हणून रात्री शटर ओढल्यावर मी त्याला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवतो. पहिल्याच अंकात वस्तीतली टगी पोरं गेबची चालती खुर्ची हिसकावून नेतात. तिथे भावाने माझा हात धरला. आग, कवटी, गाडी पुढे सगळं आलं, त्याला आवडलंही. पण अंक संपेपर्यंत तो मधे मधे एकच विचारत होता : "दादा, त्याची खुर्ची मिळाली का परत?"