वर्षानुवर्षं फुलणारी झाडं: ठाणे-नवी मुंबईकरांनो, आपापले अनुभव लिहा

मंडळी, दिवाळीनंतर नर्सऱ्या पिटुनिया, डेलिया, झेंडूने भरून जातात आणि उन्हाळा तापला की त्याच कुंड्या रिकाम्या पडतात. हंगामी फुलं सुंदरच, पण हा धागा आहे एकदा लावली की वर्षानुवर्षं साथ देणाऱ्या फुलझाडांचा. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, खाडीची दमट हवा, समोरच्या टॉवरने अडवलेलं ऊन, हे आपलं हवामान. पुण्या-बंगळुरूच्या बागेचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. म्हणून लिहिताना बाल्कनीची दिशा आणि ऊन किती वेळ असतं ते आवर्जून सांगा. सुरुवात मी करते.

घोडबंदर रोड, पश्चिमेची बाल्कनी

माझा मोगरा. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत कडक ऊन, आणि त्याला तेच हवं असतं. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटव्यावर, त्यामुळे छाटणीला पर्याय नाही. डिसेंबरात पाणी कमी करत आणायचं, जानेवारीअखेर फांद्या निम्म्याने कापायच्या आणि उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढायची. झाड खराट्यासारखं दिसायला लागतं, घरचे दर वर्षी हळहळतात. मग वरची माती उकरून शेणखत, मूठभर नीमपेंड आणि पुन्हा पोटभर पाणी. पंधरा-वीस दिवसांत पेरापेरावर पोपटी डोळे फुटतात, पाठोपाठ कळ्या. फुलं ओसरली की फांदीचं टोक दोन पेरं खाली खुडायचं, म्हणजे पुढचा बहर लवकर येतो. पावसाळ्यात नुसता पाला माजतो. तेव्हा खत अजिबात देत नाही. छाटणीची भीती वाटते म्हणून कितीतरी घरांत मोगरा नुसता हिरवागार उभा असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नौपाडा, तळमजला

आमच्याकडे ऊन सकाळी जेमतेम तासभर, तेही तिरकं. तिथे अबोली छान फुलते. शेंदरी फुलं तुऱ्यावर खालून वर उमलत जातात, बरेच दिवस टिकतात. तुरा वाळला की त्यात शेंगा धरतात आणि पहिल्या पावसाचं पाणी लागलं की त्या तडतड फुटतात. बी उडून पार शेजारच्या कुंड्यांत जाऊन पडतं आणि मग तिथेही अबोलीची रोपं दिसायला लागतात. मी ती काढून बिल्डिंगमध्ये वाटते. रोपं नको असतील तर फुलं संपताच तुरा कापावा, झाडाची ताकद नव्या तुऱ्यांकडे जाते.

ऐरोली, रो हाऊस

खाडीकडून येणारा खारा वारा आणि दिवसभर ऊन. बोगनवेल आणि कण्हेर, दोन्ही मजेत आहेत. बोगनवेलीला लाड चालत नाहीत. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरट नळी. माती नीट वाळू दिली तरच तो रंग चढतो. रोज पाणी घातलंत तर फक्त काटे आणि पानं. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असलेल्या घरात लावूच नका, आणि छाटणीनंतर हात साबणाने धुवा.

खारघर, दहावा मजला

जास्वंद. गावठी लाल एकेरीच घ्या. मोठ्या रंगीत जातींवर पिठ्या ढेकूण फार पडतात असा माझा अनुभव. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही आहे का बघायचं. असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब.

बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज

चार्ल्स कोरियांनी आखलेल्या या वसाहतीत प्रत्येक घराला स्वतःचं छोटं अंगण आहे, ते आमचं भाग्य. नळाजवळच्या ओल्या, अर्ध्या सावलीच्या कोपऱ्यात सोनटक्का आहे. पावसात बाकीची झाडं दमलेली असतात तेव्हा हा जोमात येतो. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा, कारण त्याच दांड्याला पुन्हा फूल येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी कंद उकरून वेगळे करतो, नाहीतर दाटी होऊन फुलं कमी होतात. जवळपासच्यांना कंद हवे असतील तर जरूर सांगा, जूनच्या सुरुवातीला काढणार आहे.

सानपाडा, गच्ची

सोनचाफा ड्रममध्ये लावला आहे, ऊन दिवसभर. बियांपासूनच्या झाडाला फुलायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून कलमी रोपच घ्यावं. निवडताना कलमाचा सांधा बोटाने चाचपून बघा. तो घट्ट आणि मातीच्या वर असला पाहिजे. सांध्याखालून फुटवा आला तर लगेच खुडायचा, नाहीतर खालचं रानझाड वाढत जातं आणि कलम मागे पडतं. ड्रमच्या तळाशी भोकं भरपूर हवीत आणि ड्रम विटांवर उचललेला हवा. जुलैत पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात आणि चाफा त्यातून सहसा वाचत नाही.