भाड्याच्या वहीतले कोरे महिने : टाळेबंदीतले खान्देशातले अनुभव

मेहरूणकाठ, जळगाव

मागच्या आठवड्यात वडिलांचं कपाट आवरताना भाड्याची वही हाती लागली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारीला वापरतात तशी. घरामागे आमच्या चार खोल्या आहेत. वहीत प्रत्येक खोलीला एक पान, महिन्याला एक ओळ. मार्च २०२० पर्यंत सगळं निळ्या शाईत. एप्रिल, मे, जूनच्या ओळींवर मात्र पेन्सिलीने ‘बाकी’. शाईत का लिहिलं नाही, हे विचारायला आता वडील नाहीत.

म्हणून हा चर्चेचा धागा. त्या काळात तुम्ही भाडेकरू होतात की घरमालक, की दोन्ही? भाडं कसं दिलंत, कसं थकलं, कोणी सोडलं, कोणी सामान बाहेर काढलं? सरकारी मदत तुमच्या उंबऱ्यापर्यंत आली का? माणसांची आणि कचेऱ्यांची नावं कृपया लिहू नका, गावाचं नाव चालेल.

आठवण म्हणून दोन तारखा देते. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला : भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडे एक महिना भाडं मागू नये, कामगारांना आणि विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडलं तर कारवाई होईल. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर काढू नका. ‘पुढे ढकला’ असं होतं, ‘माफ करा’ असं नव्हतं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी ते माफी म्हणून ऐकलं आणि उरलेल्यांनी ऐकलंच नाही.

आमचं सांगायचं तर एक आणि दोन नंबरच्या खोल्यांत एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात काम करणारी बऱ्हाणपूरकडची मुलं होती, चारमध्ये एक शिंपी कुटुंब, आणि तीनमध्ये एकटाच राहणारा एक माणूस. वडील एसटीतून निवृत्त झालेले, पेन्शन तीन हजारांच्या आत. म्हणजे भाडं हाच खरा पगार. आदेश पेपरात वाचून ते एवढंच म्हणाले, “सरकारने माझा पगार थांबवला आणि मला विचारलं पण नाही.” तरी मागायला ते गेले नाहीत. शिंप्याने मास्क शिवून एप्रिलमध्येच अर्धं भाडं आणून दिलं. चटईवाली मुलं मे महिन्यात किल्ल्या आईच्या हातात देऊन गेली.

आता तुम्ही लिहा.

लिंबायतवाला, मूळ तळोदा

ताई, आमची गोष्ट अर्धी सुरतेतली आहे, पण सुरत म्हणजे खान्देशचाच एक तालुका, म्हणून लिहितो.

मी साडीच्या कारखान्यात घडी-पॅकिंगला होतो. लिंबायतमध्ये दहा बाय दहाची खोली, भाडं ३००० आणि लाइट वेगळी. टाळेबंदी लागल्यावर पंधरा दिवस खोलीतच काढले, पाच जण. गावाकडून फोन यायचे, चालत ये म्हणून. आमच्यातले तिघे रुळाच्या कडेने निघालेही. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला चौथ्या दिवशी पोचले, तिथे त्यांना शाळेत ठेवलं. मी मे महिन्यात निघालो. खोलीला कुलूप लावलं. आत गॅस, टीव्ही, दोन गाद्या, पोराची सायकल.

गावात पोचल्यावर रात्रंदिवस डोक्यात एकच, ते कुलूप. खोलीत राहतोय कोणी नाही, भाडं मात्र चढतंय. गावाकडे हाताला काम नाही, पावसाआधी वावरात काय असणार? खोलीमालक दोंडाईच्याकडचाच, तिथे वीस वर्षं राहिलेला. जूनमध्ये मीच घाबरत फोन केला. तो अहिराणीतच बोलला, “भाडानं मंग देखसूत. तुना सामानले कोनी हात लावाव नही.” म्हणजे भाड्याचं नंतर बघू, तुझ्या सामानाला कोणी हात लावणार नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, खोटं नाही सांगत.

ऑगस्टमध्ये परत गेलो. मालकाने चार महिन्यांचे १२००० धरले, त्यातले निम्मे सोडले. राहिलेले सहा हजार महिन्याला हजार असे फेडले. कुलूप तसंच होतं, फक्त सायकलची दोन्ही चाकं उंदरांनी खाल्ली होती.

आमच्या शेजारच्या चाळीतलं वेगळं. तिथल्या मालकाने कुलपं तोडून सामान एका खोलीत कोंबलं आणि रिकाम्या खोल्या दुसऱ्यांना दिल्या. लोक परत आले तेव्हा कोणाचा कुकर कोणाचा, यावरून मारामाऱ्या.

सरकारी मदतीचं विचारलंत तर, आदिवासी कुटुंबांना ४००० रुपयांची खावटी, म्हणजे पोटापाण्यासाठीचं अनुदान, जाहीर झाली होती, २००० खात्यात आणि २००० चा किराणा. आमच्याकडे ती आली तोवर २०२१ उजाडलं होतं. आली हे खरं, पण ज्या भाड्याची झोप उडवणारी काळजी होती ते तोवर फेडून झालं होतं.

कोर्टाच्या पायरीवर, धुळे

वकिली करतो. त्या दोन वर्षांत फोनवर जितके फुकट सल्ले दिले तितके आयुष्यात दिले नाहीत. सारखा येणारा फोन ठरलेला : “साहेब, मालक लाइट तोडतो म्हणतो.” महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी-वीज अशी तोडता येत नाही. हे सांगितलं की पलीकडून विचारायचे, “मग त्याला तुम्हीच फोन करता का?” करायचो. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागायचं.

दुसरं, कराराचं. आपल्याकडे तेव्हा करार म्हणजे शंभराच्या मुद्रांकावर नोटरी असायची, तेही झालं तर. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे कळल्यावर एक मालक माझ्यासमोर खुर्चीत तसाच बसून राहिला. त्याला वाटत होतं, कागद केला नाही म्हणून तो सुरक्षित आहे.

मात्र भाडेकरूंनीही हुरळून जाऊ नये. थकबाकीवर लगेच घर जात नाही हे खरं. आधी लेखी नोटीस, ९० दिवस, मग दावा, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के सरळ व्याजासह थकबाकी भरली आणि पुढचं भाडं नीट चालू ठेवलं तर घर वाचतं. पण हे भाडेकरूचं झालं. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणाऱ्याला, ते कवच नाही, आणि शहरात आता बहुतेक तेच आहेत.

शिरपूरचा उमेदवार

मी स्पर्धा परीक्षेवाला, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर. खोलीत सहा कॉट, माझी खिडकीजवळची म्हणून १०० रुपये जास्त. राज्यसेवा पूर्व ५ एप्रिल २०२० ला होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन शर्ट घेऊन गावी आलो, आठ दिवसांत परत जाऊ या हिशोबाने.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. परीक्षा २६ एप्रिलला गेली, मग १३ सप्टेंबर, मग २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१, आणि शेवटी झाली २१ मार्चला. बाहेरच्यांना ही तारखांची थट्टा वाटते. आमच्यासाठी प्रत्येक तारीख म्हणजे कॉट ठेवायची की सोडायची, हा नवा प्रश्न होता. सोडावी तर पुस्तकं आणायला जाणार कसं? ई-पास मिळत नव्हता. ठेवावी तर महिन्याला २६०० कोण देणार? वडिलांचा कापूस घरातच पडून होता.

मालकाला आदेशाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर : “पुस्तकं ठेवलीत म्हणजे जागा अडवली.” शेवटी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यात वळती झाली आणि पुस्तकं एका गोणीत भरून जिन्याखाली गेली. जुलैत भाजीच्या गाडीवाल्या नात्यातल्या एका दादाने ती धुळ्यापर्यंत आणून दिली. पॉलिटीच्या पुस्तकाला अजून मेथीचा वास येतो.

सलूनवाला, फैजपूरजवळ

१७ एप्रिलचा तो कागद मी पण गाळामालकाला दाखवला होता. ते म्हणाले, वाच नीट, घरभाडं लिहिलंय, गाळ्याचं कुठे आहे? खरंच नव्हतं. आणि सलून तर २८ जूनला उघडली, तीही फक्त कटिंगला, दाढी बंद. तीन महिने गाळा बंद, भाडं चालू. मी केळीच्या कापणीच्या टोळीत गेलो. खांद्यावर घड घेऊन बांधापर्यंत. कात्री धरणारे हात आहेत आमचे, पहिल्या आठवड्यात खांदा सोलून निघाला. त्यातून दोन महिन्यांचं भाडं दिलं, एक महिना मालकाने सोडला. सोडला म्हणजे दिवाळीत वाढवून घेतला.

पत्र्याचं घर, चोपडा

मी गवंडी. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती म्हणून एप्रिलमध्ये २००० येणार असं सगळे म्हणत होते. सोबतच्या दोघांना आले. मला नाही. कार्डचं नूतनीकरण राहिलं होतं, ठेकेदार ९० दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर सही देत नव्हता. रेशनचा तांदूळ होता, शिवभोजन पाच रुपयांत होतं, पोट चाललं. भाडं काही तांदळात देता येत नाही.

तीनचाकी, धुळे

वरच्या दादांसारखंच. २०२१ ला रिक्षावाल्यांना १५०० जाहीर झाले ते परवानाधारकांना. रिक्षा मी चालवतो, परवाना शेटच्या नावावर. पैसे शेटला. त्यांनी ५०० दिले, एवढं सांगायला हवं.

बिबडेवाली काकू, भुसावळ

मी घरमालकीण आहे, आणि इथे घरमालकांवर जरा जास्तच बोलणं चाललंय म्हणून लिहिते.

मिस्टर गेल्यावर वरचा मजला कर्ज काढून बांधला. हप्ता ७८००, वरचं भाडं ४०००. वर राहणारा मुलगा फलाटावर वडापाव विकायचा. २२ मार्चला प्रवासी गाड्या थांबल्या आणि आमच्या गावाचा श्वासच थांबला. रात्री गाडीचा भोंगा नाही, तर झोप येईना. तो मुलगा तीन दिवस जिन्यावर नुसता बसून होता.

बँकेने हप्ते पुढे ढकलले, आधी मेपर्यंत, मग ऑगस्टपर्यंत. मला वाटलं सुटले. पण व्याज चालूच होतं, मुद्दलावर चढत होतं. व्याजावरच्या व्याजाचा फरक सरकारने नंतर दिला तो नोव्हेंबरात, काहीशे रुपये. म्हणजे त्याचं भाडं थांबलं, माझा हप्ता थांबला, पण व्याजाला कोणी थांब म्हटलं नाही. आणि जूनमध्ये वीज बिल आलं तीन महिन्यांचं एकदम, रीडिंगच घेतलं नव्हतं ना. सबमीटर बघत आम्ही दोघं एक संध्याकाळ जोरात भांडलो. त्याने माझ्या तोंडावर दार लावलं, मीही खालून पाण्याची मोटर बंद करून ठेवली तासभर. कोर्टवाले दादा, ते कलम मला तेव्हा माहीत नव्हतं हो.

त्याआधीची गोष्ट मात्र चांगली आहे. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. त्याची बायको एरंडोलकडची, हाताला चव. मी म्हटलं, ज्वारी माझी, हात तुझे. रोज पहाटे गच्चीवर चूल, ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायचे. उन्हं चढायच्या आत शंभर तरी व्हायचे. रेल्वे कॉलनीत पगार चालू होते, तिथे माणसं घरात बसून खायला काहीतरी शोधतच होती. दोन महिन्यांत एवढे विकले की भाडं तिनेच वळतं केलं, वर मला ज्वारीचे पैसे सुटले. नवऱ्याला मात्र ती वडे करायला घरी बसू देईना, म्हणायची तेल महाग झालंय.

अजून वरच राहतात. बिबडे आता ती एकटीच विकते, मला विचारत नाही.

लिंबायतवाला

काकू, एक प्रश्न. मोटर नंतर चालू केली ना?

बिबडेवाली काकू

केली रे. त्याचं पोरगं अंघोळीला साबण लावून बसलं होतं.

कोर्टाच्या पायरीवर

मेहरूणकाठ ताई, तीन नंबरच्या खोलीचं राहिलं. तो माणूस कुठे गेला?

मेहरूणकाठ

राहिलं नाही, मीच टाळत होते.

तो डाळ मिलमध्ये हमाली करायचा. एप्रिलच्या मध्यावर एका पहाटे निघून गेला, कोणाला न सांगता. महामार्गाने धुळे, शिरपूर करत पळासनेरच्या पुढे सेंधव्याकडे जाणारी माणसं तेव्हा टीव्हीवर रोज दिसायची. वडील बातम्या बघताना जवळ सरकून बसायचे, तो दिसतो का म्हणून. चटईवाली मुलं सप्टेंबरात परत आली, बाकीही फेडली. वहीत त्यांच्या पेन्सिलीच्या ‘बाकी’वर शाईने रेघ मारलेली आहे. तीन नंबरच्या पानावर नाही.

त्याचा फोन लागत नव्हता. नोव्हेंबरात वडिलांनी दोन शेजाऱ्यांना उभं करून कुलूप काढलं. आत टोके पडलेला पाच-सात किलो तांदूळ, कारखान्यातली नाकारलेली एक चटई, भिंतीवर दोरीला वाळत घातलेला पंचा, आणि स्टोव्हवर तीन लिटरचा कुकर. झाकण लावलेलं. वडिलांनी कुकर घासून माळ्यावर ठेवला, आला तर द्यायला.

अजून तिथेच आहे. शिट्टी तेवढी सापडली नाही, बहुतेक तो खिशात घेऊन गेला.