पगार देता म्हणून घरातही डोकावणार का?

निशाचर
काल कारखानदार साहेबांनी लिहिलं, "लॅपटॉप माझा, नेट माझं, पगार मी देतो. स्क्रीनवर नजर ठेवली तर कुणाच्या पोटात का दुखावं? ज्याच्या मनात चोर नाही त्याला कसली भीती?" डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्क फ्रॉम होमच्या काळात आमच्या लॅपटॉपवर दर थोड्या वेळाने आपोआप स्क्रीनशॉट निघायचे. जेवणाच्या सुट्टीत मी आईचे बायॉप्सीचे रिपोर्ट उघडले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मॅनेजर म्हणतो, "आईंची ट्रीटमेंट सुरू झाली की सुट्ट्या लागतील ना?" मी तोवर सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. आता सांगा, चोर कुणाच्या मनात होता?

आणि हे आजचं नाही. एलआयसी नोकरीला लागताना बायकांकडून शेवटची पाळी कधी आली, गरोदरपणं किती झाली, हे लिहून घ्यायची. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रकाने काढायला सांगितले. तेव्हाही 'आम्ही पगार देतो' हाच तोरा असणार.

कारखानदार
ताई, तुमचा मॅनेजर गाढव, त्याला सॉफ्टवेअर काय करणार? माझ्याकडच्या पोराने डायचं, म्हणजे पार्टच्या साच्याचं, ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर नेलं. वर्षाच्या आत तोच पार्ट दुसऱ्याकडे, माझ्यापेक्षा कमी भावात. गणपतीत माझ्या घरी जेवून गेलेला मुलगा! त्याची प्रायव्हसी जपत बसू? आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. कलम ७ : नोकरीच्या कामासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमती लागतच नाही.

कलमकसाई
संमती लागत नाही म्हणजे वाट्टेल ते बघा, असं नाही. ड्रॉइंग चोरीला जाऊ नये म्हणून बायॉप्सीचा रिपोर्ट बघावा लागतो का? रुमानियातल्या एका इंजिनिअरच्या होणाऱ्या बायकोशी आणि भावाशी झालेल्या गप्पा कंपनीने वाचल्या, त्याला काढलं. २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. कारण, नजर आहे आणि ती किती खोल आहे, हे त्याला आधी नीट सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल आला, खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतात, खाजगी मालकापुढे तितके सहज नाही. तेव्हा साहेब, कायदा तुमच्याकडेच झुकलाय. अभिनंदन.

भाकरी_ठेचा
तुमची लॅपटॉपची कौतुकं चालू द्या. आधी तलाठ्याच्या गळ्यात जीपीएस बांधा. वारस नोंदीसाठी खेटे घालून चपला झिजल्या. कधीही जा, "भाऊसाहेब फिल्डवर आहेत."

तलाठ्याची_लेक
फिल्डवर असतात म्हणूनच सांगतात! एका माणसाकडे तीन-तीन गावं. गारपिटीच्या पंचनाम्याला शेतात गेले की ऑफिसात नाहीत म्हणून बोंब, ऑफिसात बसले की पंचनाम्याला आले नाहीत म्हणून बोंब. माझ्या बाबांनी दिवाळी कधी धड घरी केली नाही.

भाकरी_ठेचा
मग जीपीएस त्यांच्याच फायद्याचा. शेतात होते हे सिद्ध होईल. घाबरता कशाला?

तलाठ्याची_लेक
संध्याकाळी सातनंतर ते कुठे जातात, हेही तुम्हाला बघायचंय का?

भाकरी_ठेचा
सातनंतर कुठे जातात ते अख्ख्या गावाला माहितीये.

तलाठ्याची_लेक
तोंड सांभाळून बोला. बापावर जायचं काम नाही.

संत्रानगरी
थांबा राजेहो. आमच्या नागपुरात महापालिकेनं झाडूवाल्यायच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं होतं. हद्दीच्या बाहेर गेलं की पगार कापणार. घड्याळच बिघडलं तरी भुर्दंड त्यायलेच. बाया धास्तावल्या का यात कॅमेरा तर नाही, संडासात जावं कसं. साहेब लोकायच्या हातात काऊन नाही बांधलं? अंगणवाडीच्या तायांनी २०२१ मध्ये सरकारी मोबाइलच परत केले. मोबाइल तापे, बंद पडे, वरून नोंदीचं ॲप, पोषण ट्रॅकर, इंग्रजीत. नजर ठेवाची हौस सरकारले, रिचार्जची कटकट ताईले.

कारखानदार
म्हणजे कामचुकारांची युनियन जमली इथे. एक दिवस पगारपत्रक करून बघा, मग अक्कल पाजळा.

निशाचर
पगारपत्रकच करते मी, साहेब. एचआरमध्ये आहे. कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये काय सापडलं याची फाइल माझ्याच टेबलावर येते. एकही ड्रॉइंग सापडलेलं नाही. घटस्फोट, कर्ज आणि दुसऱ्या नोकरीचे अर्ज तेवढे सापडतात. आणि तेच इन्क्रिमेंटच्या वेळी वापरतात.

कारखानदार
बरं बाई, जिंकलात. स्क्रीनशॉट बंद करतो. ड्रॉइंगचा फोल्डर कोण उघडतं आणि पेन ड्राइव्ह कोण लावतं, एवढंच बघेन, आणि तसं लिहून नोटीस बोर्डावर लावतो. पण कॅमेरे राहणार.

निशाचर
संडासाच्या पॅसेजमधलाही?

कारखानदार
तो चोरीसाठी आहे.

निशाचर
तिथून काय चोरतात?

कारखानदार
नळ. पितळी. दोनदा गेलेत.

भाकरी_ठेचा
ते ठीक. तलाठ्याचं काय ठरलं?