मदत हवी आहे : अमेरिकी नागरिकाला खटल्याविना लष्करी कोठडीत ठेवता येते का?

नमस्कार. आमच्या अभ्यास मंडळात मला स्थानबद्धतेच्या कायद्यांवर बोलायचे आहे. मिसा (आणीबाणीत खटल्याविना डांबण्यासाठी वापरलेला कायदा) आणि अशा स्थानबद्धांना न्यायालयात दाद नाकारणारा १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल आपल्याकडे पुष्कळांना माहीत असल्यामुळे मी अमेरिकेचे उदाहरण निवडले आणि तिथेच अडलो. तिकडच्या घटनात्मक कायद्याचे जाणकार इथे असतील तर कृपया मार्गदर्शन करावे.

३१ डिसेंबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यावर सही केली. त्यातील कलम १०२१ नुसार अल-कायदा, तालिबान किंवा त्यांच्या साथीदार गटांत सामील असलेल्या अथवा त्यांना भरीव साहाय्य करणाऱ्या व्यक्तीला लढाई संपेपर्यंत खटल्याविना लष्कराच्या ताब्यात ठेवता येते. मात्र अमेरिकी नागरिक, तेथील कायदेशीर रहिवासी आणि अमेरिकेच्या भूमीवर पकडलेल्या व्यक्ती यांच्याविषयीच्या 'प्रचलित कायद्यावर' या कलमाचा परिणाम होणार नाही, असेही त्यातच म्हटले आहे. वरवर पाहता हे आश्वासन वाटते. पण तो प्रचलित कायदा कोणता, हे सांगायची वेळ आली की पायाखाली काहीच लागत नाही.

जपानी वंशाच्या नागरिकांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबल्याची आठवण ठेवून १९७१ मध्ये संसदेने ठरवले की, संसदेच्या कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाही नागरिकाला स्थानबद्ध करता येणार नाही. पुढे अमेरिकेतील लुइझियाना राज्यात जन्मलेला, म्हणून नागरिक असलेला यासर हमदी अफगाणिस्तानात पकडला गेला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील नऊपैकी चार न्यायमूर्तींच्या मुख्य मताने असे धरले की, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा संसदेचा २००१ चा ठराव हाच तो आधार होय. मात्र आपण शत्रुपक्षाचे नाही, हे तटस्थ निर्णयकर्त्यापुढे मांडण्याची संधी हमदीला मिळालीच पाहिजे. न्यायमूर्ती स्कालिया यांचे भिन्नमत मला अधिक पटते: नागरिकावर देशद्रोहाचा किंवा अन्य गुन्ह्याचा खटला चालवा, नाहीतर संसदेने देहोपस्थितीचा हक्क (हेबियस कॉर्पस, म्हणजे आपली कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क) रीतसर स्थगित करावा. (हे न्यायमूर्ती एरवी उदारमतवादी म्हणून ओळखले जात नसत, ही त्यातली गंमत.)

खरा पेच होझे पडिया याच्या प्रकरणात आहे. हा नागरिक रणांगणावर नव्हे, तर २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोठडीत राहिला, त्यातला बहुतेक काळ नौदलाच्या तुरुंगात. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा सुटकेसाठीचा अर्ज चुकीच्या जिल्ह्यात दाखल झाला म्हणून निकाली काढला, आणि प्रकरण पुन्हा वर जाण्याच्या बेतात असताना सरकारने त्याच्यावर साध्या फौजदारी न्यायालयात आरोप ठेवले. त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहिला. कलम १०२१ ला आव्हान देणारा दावाही २०१३ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. हे कलम नागरिकांविषयी काहीच म्हणत नाही, म्हणून नागरिक असलेल्या वादींना दाद मागता येत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले.

माझा प्रश्न हा की, देशातच पकडलेल्या नागरिकाला कोणता जुना निकाल लागू होतो? न्यायालये चालू असताना लष्करी न्यायाधिकरण नागरिकाचा न्याय करू शकत नाही, हा १८६६ चा मिलिगन निकाल. की शत्रूसाठी घातपात करायला आलेल्यांपैकी एक जण स्वतःला नागरिक म्हणवत असूनही लष्करी खटला वैध ठरवणारा १९४२ चा क्विरिन निकाल? दोन्ही निकाल मुळात खटल्याविषयीचे आहेत, खटलाच न चालवण्याविषयीचे नाहीत, ही माझी शंका बरोबर आहे का?

दुसरे असे की, आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेला (गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून ताब्यात ठेवण्याला) उघड जागा दिलेली आहे, तर अमेरिकी संविधानात बंड किंवा आक्रमणाच्या वेळी देहोपस्थितीचा हक्क स्थगित करण्यापुरतीच वाट आहे. ही तुलना मी व्याख्यानात केली, तर ती न्याय्य ठरेल का? शिवाय पकडलेल्या अशा व्यक्तीसाठी मी 'शत्रुपक्षाचा लढवय्या' असे लिहितो आहे. याहून नेमका मराठी शब्द रूढ असल्यास तोही सुचवावा.